आमटीतली गोळी

ह्यांचे हात का थरथरतात असं कोणी विचारलं, की मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आले. "पूर्वी थोडी घ्यायचे." एवढं म्हटलं की विचारणारा समजुतीने मान हलवतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो. आमच्या पिंपरीत हे उत्तर कोणाला नवं नाही. दारूला लोक माफ करतात.

ह्यांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा हे शाळेत होते, आणि तेव्हापासून पाचवं शील ह्यांनी एकदाही मोडलं नाही. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी मोडलं. विहारात सगळ्यांबरोबर ते म्हणायचे आणि बाहेर पायरीवर चपला घालता घालता कोणी ह्यांच्या हातांकडे बघून विचारलं, की तिथेच मोडायचे.

खरं काय घडलं ते आज लिहिते. ह्यांना विचारून लिहिते आहे. "लिही," म्हणाले, "पण मला वाचून दाखवू नकोस."

ह्यांचं घर मोशीचं. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला इकडच्या माळावर एकेक कंपनी उभी राहायला लागली, तेव्हा हे आधी बांधकामावर पाट्या टाकायला आले, मग तिथेच अप्रेंटिस झाले, आणि आमचं लग्न झालं तोवर टूलरूममध्ये ग्राइंडर म्हणून परमनंट झाले होते. साचे घासायचं काम. केसाच्या दहाव्या भागाइतकं लोखंड जास्त राहिलं तरी साचा परत येतो, असं काम. हे म्हणायचे, मायक्रोमीटर लावायच्या आधीच बोटाला कळतं. त्यांच्या घरात परमनंट होणारा हा पहिला माणूस. सासूबाई मोशीहून आल्या की ह्यांच्या डबा धरलेल्या हाताकडे बघत बसायच्या. मी मॅट्रिक झालेली होते, संत तुकाराम नगरात दोन खोल्या होत्या, मुलगी झाली होती. लोक आपल्या पोरांना आमचं उदाहरण द्यायचे.

आणीबाणीच्या आधी एक-दोन वर्षं असेल. कंपनीत दोन युनियनची भांडणं चालू होती. त्या दिवसांत ह्यांची झोप गेली. आधी मला वाटलं, शिफ्ट बदलल्यामुळे. मग एक दिवस डबा ठेवता ठेवता म्हणाले, "कॅन्टीनच्या चहात काहीतरी घालतात."

"कोण घालतं?"

"तेच शोधतोय. कडू लागतो."

"कॅन्टीनचा चहा कधी गोड होता?"

हसले नाहीत. मग ते वाढत गेलं. एक जीप मागून येते. टाइमकीपर आपल्या कार्डावर खूण करतो. शेजारच्या रेडिओवर आपलंच नाव घेतात. मी समजावत होते. तेव्हाचं माझं एक वाक्य मला नीट आठवतं: "अहो, माणूस माणसाला असं काही खायला घालत नसतो."

चाळीतल्या एक बाई, मराठवाड्याकडच्या, चांगल्या मनाने म्हणाल्या, "निघोज्याच्या अंगाला एक देवऋषी हाय म्हणं, एकडाव दाखवून तर बगा." सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी भाकरी थापायचीसुद्धा थांबवली नाही. "न्हाई बाई. आमच्या मालकानं देव्हारा इंद्रायणीत सोडला, त्यो काय मी देवरुश्याच्या दारात जाऊन उभं ऱ्हायला? आमच्यात आता अंगारा-धुपारा न्हाई. डागदर हाय, औषध हाय." मला त्यांचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो. पण डॉक्टरची गोळी म्हणजे सगळ्यावरचं उत्तर, तिच्यात वाईट काही असूच शकत नाही, ही समजूत मी त्या अभिमानातूनच घेतली, हेही लिहायला हवं. अंगाऱ्याला आम्ही घाबरत होतो. गोळीला घाबरायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. एक जाड, वरून रंगीत गुळगुळीत, डोकं शांत करणारी. दुसरी बारीक पांढरी, पहिलीने हात-पाय आखडू नयेत म्हणून. ह्यांनी पंधरा दिवस घेतल्या. मग मशीनवर डुलकी लागली. फिरत्या चाकासमोर डुलकी म्हणजे बोटं गेली समजायची. त्या दिवशी घरी येऊन हे मोरीपाशी गेले आणि गोळ्यांची पुडी पाण्यात सोडून दिली. "आजार परवडला, हे नको." नंतर मी हातात ठेवली की जिभेखाली धरायचे आणि थुंकायचे.

मी दवाखान्यात एकटीच गेले आणि औषध देणाऱ्या माणसाला सांगितलं, घेत नाहीत. तो पुड्या बांधता बांधता म्हणाला, "चुरा करून भाजीत घाला की, वहिनी. निम्मं गाव तसंच खातंय. रोग्याला काय विचारायचं?" आणि मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं.

मी घातल्या.

खलबत्त्याचा आवाज झाला असता, म्हणून मी कागदात गोळी ठेवून वरून लाटणं फिरवायचे. वरचं रंगीत टरफल वेगळं निघायचं, ते फुंकून टाकायचे. आतली भुकटी भयंकर कडू. बोटाला लागलेली चाटून बघितली तर जीभ बराच वेळ बधिर राहिली. म्हणून आमटीत चिंच आणि गूळ वाढवला. ह्यांची वाटी वेगळी काढायची, तिच्यात भुकटी, वरून कडकडीत आमटी. बारीक पांढरी गोळी मी घातलीच नाही. दोन्हींची भुकटी लपली नसती, आणि हात तर थरथरत नव्हते, मग कशाला, असा माझा विचार. हा विचार करायला मी कोण होते, ते आज विचारते आहे.

एकदा मुलीने भाकरीचा तुकडा ह्यांच्या वाटीत बुडवला. पाच-सहा वर्षांची होती. मी तिच्या हातावर इतक्या जोरात मारलं की तुकडा भिंतीवर उडाला. हे माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, एका घासासाठी मारतेस पोरीला?" आणि तिला जवळ घेऊन वाटी तिच्यापुढे सरकवली. मी वाटी उचलली, म्हटलं माशी पडलीय, आणि मोरीत ओतली. मुलगी त्यानंतर किती तरी महिने ह्यांच्या ताटाकडे बघायची सुद्धा नाही.

दोन महिन्यांत हे बरे झाले. झोप आली, जीप गेली, टाइमकीपरशी पुन्हा थट्टा चालू झाली. मोशीला गेलो तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "एक गोळी न घेता बरा झालो. मन घट्ट केलं." सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी पाणी आणायला आत गेले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तो माणूस इतका ताठ उभा होता की माझी जीभ उचलली नाही. शिवाय मनात हेही होतं की सांगितलं तर उद्यापासून आमटी खाणार नाहीत. मी दर महिन्याला माहेरी जाते असं सांगून पुण्याला जायचे आणि पुड्या आणायचे. "पेशंट कुठे?" विचारलं तर म्हणायचे, कामावर आहेत. ते खरंच होतं.

असं दीड वर्ष गेलं.

मग उलटंच झालं. हे फार आनंदात राहायला लागले. बोलणं थांबेना. हप्त्यावर शिलाई मशीन आणलं, मला शिवण येत नसताना. युनियनच्या निवडणुकीला उभं राहतो म्हणाले, दोन्ही युनियनकडून. टूलरूममधली माणसं ह्यांना राव म्हणायची. ती हसायची, "राव, तुला भेटायला आता चिठ्ठी पाठवावी लागणार." कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरने समजुतीने एका दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. आणि गंमत अशी, की हे आनंदाने तयार झाले. स्वतःच्या पायाने गेले. मी बरोबर.

हे डॉक्टर शांत, वयस्कर होते. सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"नाही," हे म्हणाले. "एकदा झालं होतं. तेव्हापासून दीड वर्षात एक गोळी घेतलेली नाही, डॉक्टर. विचारा हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझी पिशवी मांडीवर होती. तिच्यात आदल्या आठवड्यात आणलेली पुडी होती. मी म्हणाले, "नाही."

घरी जाऊन आमटीतली गोळी बंद करू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मागे एकदा माझ्या आजारपणात आठ दिवस आमटीत गोळी गेली नव्हती, तर ह्यांनी खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती वर्तमानपत्रं काढताना चिकटलेली खळ मी नखांनी खरवडली होती. मला ते परत नको होतं. म्हटलं, एका डॉक्टरची एक, दुसऱ्याची एक. दोघेही शिकलेले. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण येईल. असं मी स्वतःला सांगितलं, आणि पटवूनही घेतलं.

नवी गोळी लिथियमची. हा एक क्षार असतो, रक्त तपासून मोजून द्यावा लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे ती नेमाने घ्यायचे, घड्याळ बघून, माझ्यासमोर. आणि मग जेवायला बसायचे.

तीन-चार आठवड्यांत बोटं थरथरायला लागली. आधी फक्त चहाची बशी वाजायची. मग पाय फाकवून चालायला लागले, जिन्यात भिंतीला हात लावून. तोंडातून लाळ यायची, ती बाहीने पुसायचे. शब्द जाड झाले, तोंडात पान धरून बोलावं तसे. समोरच्या कोकणातल्या बाईंनी मला विचारलं, "काय गो वैनी, तुमचे मालक आज दिवसाढवळ्याच रंगात?" मी हसले. हसले म्हणजे होच म्हणाले.

कंपनीत एक साचा बिघडला. ह्यांच्या हातून कधी न झालेली गोष्ट. फोरमनने तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. मग ह्यांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस, चांगला दोस्त होता ह्यांचा, संध्याकाळी हे भाजी आणायला गेलेले बघून घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. राव आमच्यात कधी बसत नाही. पण घरी घेतो का थोडी? फोरमनने विचारायला पाठवलंय."

मी काय हिशेब केला तो सांगते. दारूडा म्हटलं तर एक मेमो मिळतो, वॉर्निंग मिळते, नोकरी राहते. तिथे दर खात्यात दोन-चार होतेच. वेडा म्हटलं तर मशीनवर कोण उभा करणार? आणि तिसरी गोष्ट, खरी गोष्ट, ती मी त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कशी सांगणार होते?

"घेतात कधी कधी," मी म्हणाले.

त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं. "सांगा जरा त्याला," म्हणाला आणि गेला. चौथ्या दिवशी मेमो आला. दारू पिऊन कामावर आल्याचा. हे तो कागद हातात धरून बसले, कागद थरथरत होता. "मी?" एवढंच म्हणत होते. "कोणी सांगितलं असेल?"

"काय माहीत," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात जेवताना ह्यांनी वाटी खाली ठेवली. "आमटी कडू आहे." मी भाकरी वाढायला घेतली. "जीभ बधिर होते. रोज होते. तुझ्या हातची आमटी खाल्ली की होते." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पहिल्या आजारातली ती चमक पण नव्हती. मोजमाप घेताना बघायचे तसं बघत होते. मी पातेल्यातली आमटी माझ्या ताटात वाढून घेतली आणि त्यांच्यासमोर खाल्ली. "बघा. मी खातेय की." पातेल्यातली होती ती. वाटीतली नाही.

रक्त तपासायच्या वेळी डॉक्टरांकडे गेलो. ह्यांनी थरथरीचं सांगितलं, आणि मग मान खाली घालून, जड जिभेने म्हणाले, "डॉक्टर, मला जेवणातून कोणीतरी काहीतरी देतंय. घरात."

डॉक्टरांनी ह्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. शब्दाने विचारलं नाही, भुवया फक्त वर झाल्या. मी मान हलवली. नाही. आणि चेहऱ्यावर थोडं दुःख आणलं, वेड्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर असतं तसं. डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली आणि कागदावर लिहिलं. जुना संशय परत आलाय म्हणून आणखी एक गोळी वाढवली.

एक माणूस खरं बोलला होता आणि ते त्याच्या वेडाच्या खाती लिहिलं गेलं. ते मी समोर बसून बघितलं. ह्याच्याइतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

आठवड्यात हे पडले. सकाळी उठवायला गेले तर अंग तापाने फणफणलेलं आणि फळीसारखं ताठ. मान वळेना. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. कंपनीच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना वाटेत तो दोस्त मला म्हणाला, "एकदम सोडली असेल वहिनी, म्हणून झालं. एकदम सोडली की असंच होतं." मी तेव्हाही गप्प होते.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेपाशी आल्या, ह्यांचा हात कोपरातून वाकवून बघितला, तो दातेरी चाकासारखा अडकत अडकत वाकला. त्या म्हणाल्या, "बाई, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांनी एवढं होत नाही. मला सगळं कळलं नाही तर मी काय बंद करू?"

मी पिशवीतून पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

"किती?"

"रोज दोन."

"कधीपासून?"

सांगितलं. बरोबरची पांढरी गोळी देत नव्हते, तेही सांगितलं. त्यांनी आधी सगळी औषधं बंद करायला सांगितली, सलाइन लावायला सांगितलं, मग माझ्याकडे वळल्या. "शिकलेल्या आहात?"

"मॅट्रिक."

"ह्यातली कुठलीही गोळी एकेकटी देता येते. दोन्ही मिळूनही देतात, पण डोळ्यांत तेल घालून. डॉक्टरांना दुसरी गोळी माहीतच नसताना डोस वाढत गेला. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला मार बसतो." मग म्हणाल्या, "आणि जेवणात काहीतरी आहे असं ते म्हणत होते?"

"हो."

"मग ते खरंच बोलत होते." त्या लिहीत होत्या. "शुद्धीवर आले की सांगा त्यांना. मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायला पाहिजे."

तीन आठवड्यांनी घरी आणलं. ताप गेला, ओळख आली, पण चालणं फाकलेलं राहिलं आणि बोलणं जाड राहिलं. हात तर आजही थरथरतात. त्यातलं थोडं वर्षभरात सुधारेल म्हणाले होते, तेवढं सुधारलं. घरातलं पहिलं जेवण. मी मऊ भात केला होता. हे दोन घास खाऊन थांबले. मी मनात वाक्य जुळवत होते, अहो, एक सांगायचंय, अशी सुरुवात. तेवढ्यात तेच बोलले.

"माझं चुकलं. तुझ्यावर संशय घेतला मी. परक्या माणसासमोर बोललो." डोळे भरून आले होते. "तू म्हणून टिकलीस. दुसरी असती तर माहेरी गेली असती."

मी म्हणाले, "असू द्या. आजारपणात होतं असं."

त्यांनी मागितलेली माफी मी देऊन टाकली. अशी सहा वर्षं गेली.

कंपनीने ह्यांना स्टोअरला टाकलं. हातमोजे, चिंध्या, ग्रीसचे डबे द्यायचं काम. टूलरूमची माणसं खिडकीपाशी आली की हे हात टेबलाखाली ठेवायचे. एक गोळी चालू होती, डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेली, ती हे स्वतः घ्यायचे, सगळ्यांसमोर. आजार परतला नाही. पण दुसरंच काहीतरी झालं होतं, आणि ते फक्त मला कळत होतं. हे मला विचारायला लागले होते. दूध तोंडाला लावायचे आणि थांबायचे. "नासलंय का गं, की मलाच वाटतंय?" आजूबाजूला कोणी भांडत असलं तर, "आवाज येतोय ना? तुला येतोय ना?" मी येतोय म्हटलं की निश्चिंत व्हायचे. जो माणूस बोटाने केसाचा दहावा भाग ओळखायचा, त्याला वरणाची चव माझ्याकडून पास करून घ्यावी लागायची.

एका गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मुलीने स्वयंपाक केला. बारा-तेरा वर्षांची झाली होती. तिने रॉकेलचं नरसाळं धुवायचं विसरून गोडेतेलाच्या बाटलीला लावलं आणि त्याच तेलाची फोडणी दिली. हे आणि सासूबाई आधी जेवायला बसले. सासूबाईंनी एक घास घेतला आणि थुंकला. "आगं ए पोरी, दिव्यातलं तेल घातलंस व्हय? मारतीस काय म्हातारीला?" मुलगी रडायला लागली. मी धावत आले. ह्यांच्या ताटातली आमटी संपली होती. भात कालवून सगळा खाल्ला होता.

"तुम्हाला वास नाही आला?"

"आला," हे म्हणाले. "लागलं पण. मला वाटलं, माझंच असेल."

त्यांना मीठ-पाण्याने उलटी करवली, मग सगळं निवळल्यावर दुपारी सासूबाई आणि मुलगी आतल्या खोलीत पडल्या, तेव्हा मी ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. कागद, लाटणं, चिंच-गूळ, माहेरी जाते म्हणून पुण्याला जाणं, डॉक्टरांसमोर हलवलेली मान. दारूचंही सांगितलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात मांडीवर थरथरत होते. मग विचारलं, "कॅन्टीनचा चहा?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतात. मग कळलं. "ते आजारपण होतं."

"जीप?"

"आजारपण."

"टाइमकीपर खूण करायचा ती?"

"तेही."

"आमटी कडू लागली ते?"

"ते खरं होतं."

"जीभ बधिर व्हायची."

"खरं होतं."

एकेक गोष्ट काढत गेले, माल तपासताना चांगला एकीकडे आणि रद्दीतला एकीकडे टाकतात तशी. सहा-सात वर्षांत कितीतरी गोष्टी ह्यांनी आपल्या वेडात जमा करून ठेवल्या होत्या, त्यातल्या काही खऱ्या होत्या. मी एकीलाही खोटं उत्तर दिलं नाही. शेवटी म्हणाले, "त्या डॉक्टरांकडे. मी बोललो तेव्हा तू मान हलवलीस. समोरच्या कपाटाच्या काचेत मला दिसलं होतं. मी नंतर म्हटलं, ते पण वेडच असणार."

"ते खरं होतं," मी म्हणाले.

हे उठले. आतल्या खोलीच्या दारात जाऊन सासूबाईंना म्हणाले, "आई, ऊठ. ही काय सांगते ते ऐक." आणि मला म्हणाले, "परत सांग. हिच्यासमोर. पोरीसमोर पण."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं, कारण मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मध्येच तिने आपला हात दुसऱ्या हाताने धरला. मी कधी मारलं होतं ते तिला आठवलं असावं, किंवा नसेलही. मी विचारलं नाही. सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "येवढं डागदराचं गुण गायलं मी, आन तू त्याला बी फशिवलंस." त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मोशीला गेल्या, ह्यांना घेऊन.

दहा दिवस हे मोशीहूनच कामावर जात होते. बस पकडायची, त्या पायांनी. अकराव्या दिवशी परत आले. दोस्ताकडून कळलं की स्टोअरच्या खिडकीत उभं राहून त्यांनी टूलरूमच्या माणसांना सांगितलं होतं, मी कधी प्यायलो नव्हतो, औषधाने झालं. किती जणांनी मानलं, माहीत नाही. फोरमन तोवर रिटायर झाला होता. मेमो फाइलमध्ये आहे तो आहेच.

त्या संध्याकाळी मी बटाट्याची भाजी-भाकरी वाढली. सगळ्यांना एकाच कढईतून, त्यांच्यासमोर. त्यांनी कढईकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग एक घास घेतला.

"मीठ जास्त झालंय," म्हणाले.

मी चाखली. भाजी बरोबर होती. हो म्हणावं असं फार वाटलं. त्यांना बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, "मला ठीक लागतेय."

"मला जास्त लागतेय," हे म्हणाले, आणि मुलीला लिंबू कापून आणायला सांगितलं.